ताईचा अंगठा

"पुसा आणि परत ठेवा," खिडकीतला कारकून म्हणाला.

ताईने अंगठा रुमालाला पुसून मशीनवर ठेवला. चौथ्यांदा लाल दिवा लागला. आज अंगठा जुळला नाही, तर आमच्या साबण कारखान्याची खोली दुसऱ्याच्या नावे होणार होती. कारखाना कसला, दोन पातेली आणि एक फळी! पण ताईची बावीस वर्षं त्या खोलीत गेली होती, आणि माझी तिच्या शेजारी बसून वड्या गुंडाळण्यात.

"अहो, बाई धडधडीत समोर उभी आहे!" मी तडकले.

"मला दिसतात हो. मशीनला दिसत नाहीत."

ताईने अंगठा उजेडात धरला. त्याच्यावर एकही रेघ नव्हती.

हे सगळं सुरू झालं सूनबाईपासून. ताईची सून शिकलेली, बोलायला गोड. "आई, साबण सगळेच विकतात. हा आपला, हे गिऱ्हाइकाला डोळे मिटूनही कळलं पाहिजे." नाव सुचवा, रंग निवडा, पोरीने नुसता उच्छाद मांडला. ताई आपली कामात. वडी घट्ट झाली का बघायला ती प्रत्येक वडीवर अंगठा दाबायची, जुनी खोड तिची. सूनबाईने ते पाहिलं आणि टाळीच वाजवली. "सापडली! हीच आपली खूण!"

"लोक म्हणतील, बाई अंगठाबहाद्दर आहे," मी चिडवलं. ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

तिच्या अंगठ्याचा ठसा घेऊन साचा केला. साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक वडीवर ताईचा अंगठा, रेघारेघांसकट वर उठलेला. खोक्यावर तोच, पाटीवर तोच. महिन्याला शंभर वड्या जायच्या, त्या दोन हजार जायला लागल्या. मी तर तोंडात बोटच घातलं. एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अंघोळ करताना त्या अंगठ्यावर माझा अंगठा फिरवत बसते. कुणीतरी हात धरलाय असं वाटतं बघा. रेघा पार जाईपर्यंत सोडवत नाही."

त्याच सुमारास ताईच्या हातून कप निसटायला लागले. वय झालं, म्हणून आम्ही सोडून दिलं.

खिडकीपाशी ताईने पुन्हा एकदा आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिने पिशवीतून वडी काढली, कारकुनाला भेट द्यायला आणलेली. खोकं उघडलं.

"अगं, काय करतेस?"

तिने वडीवरचा अंगठा मशीनवर टेकवला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर ताईचा फोटो आला.

"जुळलं," कारकून म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला. "खोली तुमचीच." मग मान वर न करता म्हणाला, "पुढच्या वेळी ही वडीच पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

ताईने वडी नीट खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि त्याला नमस्कार केला.

घरी आल्यावर तिने नुसत्या पाण्याने हात धुतले. "तू तरी हा साबण लावू नकोस हं," ती म्हणाली.

"नाही गं," मी म्हटलं.

सकाळीच मी न्हाणीघरात नवी वडी काढली होती. तिच्यावरच्या निम्म्या रेघा एव्हाना गेल्या होत्या.