केरातून वाचलेली मिशी

मी एक जुनी मिशी आहे. माणसाची नव्हे, मांजरीची. माणसांच्या मिशा नुसत्या पीळ देण्यापुरत्या असतात. मी काम केलेली मिशी आहे आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका पांढऱ्या मांजरीच्या डाव्या गालावर झाला. घरात तिला सगळे महाराणी म्हणत आणि तीही तसाच तोरा मिरवत असे. कपाटामागच्या फटीत शिरण्याआधी ती आम्हा मिशांचा सल्ला घेई. आम्ही कडांना टेकलो नाही, तरच पुढे पाऊल टाकी. माझा अंदाज कधी चुकला नाही. पण मिशा काही जन्मभर टिकत नाहीत. जुनी गळते, तिथे नवी येते. एके सकाळी महाराणीने सोफ्यावर गाल घासला आणि मी खाली पडले.

आई केर काढत होती. झाडू माझ्यापर्यंत पोचणार, तेवढ्यात तिच्या मुलीने, म्हणजे ताईने, मला चिमटीत उचललं.

"केरात टाकायचं सोडून पाकिटात काय ठेवतेस ते?" आईने विचारलं.

"लॅबमध्ये नेतेय."

"का? उंदीर झालेत का तिकडे?"

ताई हसली, पण तिची नजर शेजारच्या खोलीकडे गेली. तिथे तिचा धाकटा भाऊ पोट धरून पडला होता.

त्याचं दुखणं तुम्हाला सांगायला हवं. शरीरातली कामं भराभर उरकणारी काही प्रथिनं असतात, त्यांना विकरं म्हणतात. भावाच्या यकृतातल्या एका विकरामुळे नको तितका क्षार तयार होई आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होत. एक खडा काढला की दुसरा हजर. मूत्रपिंडं हळूहळू थकत चालली होती. त्या विकराला आवर घालणारं औषध घडवायचं, तर आधी त्याचा नेमका आकार कळायला हवा होता. त्यासाठी त्या विकराचा एक चांगला ठसठशीत स्फटिक लागतो. त्यावर क्ष-किरण सोडले की आतली रचना उलगडता येते. ताई जैवरसायनशास्त्रातली संशोधक होती आणि तिचं सगळं घोडं त्या एका स्फटिकापाशी अडलं होतं.

लॅबमध्ये तिने मला एका बारीक काडीच्या टोकाला चिकटवलं. दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होत नाही, तसंच काहीसं प्रथिनाच्या थेंबाचं असतं. आधी जमलेले वेडेवाकडे स्फटिक चुरायचे, त्या चुऱ्यात माझं टोक बुडवायचं आणि नव्या थेंबातून मला अलगद ओढायचं. माझ्या अंगावरच्या खवल्यांत अडकलेले कण थेंबात उतरतात आणि त्यांच्याभोवती नवे स्फटिक वाढतात. नायलॉनचा धागाही हे काम करतो म्हणे. करू दे बापडा.

"मांजर पाळल्याचा उपयोग झाला म्हणायचा," ताईच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. मला तेवढं कौतुक पुरलं.

तरीही जमेना. ताई मला प्रत्येक थेंबाआधी बुडवी आणि मनाची खात्री म्हणून पुन्हा एकदा बुडवी. मग थेंबात पुरळ उठावं तसे बारके बारके स्फटिक दाटत. एकालाही वाढायला जागा नसे.

"हात आवर गं. कण कमी सोड," मॅडम सांगत.

"हो मॅडम," ताई म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. तिला कळत नव्हतं असं नाही. पण थेंब रिकामा राहिलेला तिला बघवत नसे. रिकामा थेंब दिसला की तिला भाऊ आठवे. मला तिची फार कीव येई.

शेवटी मॅडमनी सांगितलं, की क्ष-किरणांच्या यंत्रावर आपली पाळी जवळ आली आहे. तोवर स्फटिक मिळाला नाही, तर हे काम थांबवावं लागेल.

त्याच आठवड्यात भाऊ तपासणी आटोपून ताईला भेटायला लॅबमध्ये आला. चेहरा उतरलेला, पण जीभ शाबूत.

"माझंच विकर ना हे? मग थेंबांची एक रांग मला ओढू दे."

"ओढ. पण प्रत्येक थेंबाआधी बुडव."

त्याने हातमोजे चढवले, मला चुऱ्यात एकदाच बुडवलं आणि सगळी रांग एका दमात ओढून काढली.

"अरे, परत बुडवायचं होतं ना! पुढचे थेंब फुकट गेले."

"जाऊ दे गं ताई. थोडे रिकामे राहिले तर कुठे बिघडलं?"

माझ्या अंगावरचे कण थेंबागणिक कमी होत होते. शेवटच्या थेंबात उतरले, तेव्हा जेमतेम एखादा उरला असेल. ताईने थेंबांची ती तबकडी टाकून दिली नाही. भावाच्या हातची होती ती.

काही दिवसांनी तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पहिल्या थेंबांत नेहमीचं पुरळ होतं, पुढे गर्दी ओसरत गेली होती आणि शेवटच्या थेंबात एकच स्फटिक होता. मोठा, स्वच्छ, कोपरे कापून काढल्यासारखे. ताई भिंतीकडे तोंड करून रडली. मग तिने मॅडमना हाक मारली.

"ही रांग कोणी ओढली?" मॅडमनी विचारलं.

"पेशंटने," ताई म्हणाली.

मित्रांनो, औषध काही त्यावर लगेच झालं नाही. विकराचा आकार कळला, त्यातली औषध बसेल अशी खाच सापडली, मग अनेक माणसांनी अनेक वर्षं खस्ता खाल्ल्या. चाचण्यांत काही गोळ्या फसल्या, एक टिकली. ती भावालाही मिळाली. मूत्रपिंडांची गेलेली ताकद परत आली नाही, पण उरलेली टिकून आहे आणि नवा खडा झालेला नाही. आता त्याने मिशी ठेवली आहे. लॅबमध्ये आला की माझ्याकडे बघून तिला पीळ देतो.

माझं टोक मात्र झिजलं आहे. महाराणीही गेली. मधली काही वर्षं मी खणात धूळ खात होते, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. मांजराच्या मिशा कधी ओढू नका, कापू नका, त्याला त्या लागतात. पण गळून पडलेली एखादी दिसली, तर झाडू क्षणभर थांबवा.

आई आता थांबवते. घरात नवं पिल्लू आलं आहे आणि त्याची प्रत्येक गळलेली मिशी ती स्वतः डबीत जपून ठेवते. त्यातली एक काल माझ्या शेजारी काडीला चिकटली. ताईने नवं काम घेतलं आहे. नवं विकर, नवा आजार. ते कोणाच्या भावासाठी आहे, ते तिला ठाऊक नाही.

आज तिने त्या मिशीला चुऱ्यात एकदाच बुडवलं.