काजळलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी, साबुदाण्याएवढी पांढरी गोळी आहे. खायची मात्र नव्हे बरं का! चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही गोळ्या काचेच्या नळीत दाटीवाटीने राहतो. माझ्या अंगात आम्ल आहे, तरी मी कोरडी ठणठणीत. तापलेल्या नळीतून अल्कोहोलची वाफ आणि गंधकाचा वायू आला, की मी दोघांची सोयरीक जुळवते. मग तयार होतं थायॉल, म्हणजे सिलिंडरच्या गॅसला उग्र वास देतात ना, तसला पदार्थ. एवढं करून माझं काहीच खर्ची पडत नाही. म्हणून मला उत्प्रेरक म्हणतात.

मला भट्टीत भाजून घडवलं इथे पीएचडी करणाऱ्या अहेरीकडच्या ललिताने. सुरुवातीला काय थाट होता माझा! तिचे सर येता-जाता कौतुक करायचे. पण हळूहळू अंगावर काजळी साचली आणि थायॉल येईना. सरांनी निक्षून सांगितलं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर हा विषय सोड. ललिताची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. काजळी जाळून टाकायला तिने घाईघाईत नळीत भसाभस हवा सोडली. आग भडकली आणि पुढच्या अर्ध्या गोळ्या कायमच्या निकामी झाल्या. ती खाली बसून नळीतल्या उरलेल्या गोळ्या निरखू लागली.

प्रयोगशाळा सांभाळणारे अकरमभाऊ म्हणाले, "बाई, हा त कोळसा झाला. उरलेल्या फेकून देऊ काय?"

"फेकू नोका भाऊ!" ललिता ताडकन उठली. "माझी माय मोहफुलं वेचाच्या आधी झाडाखालचा पाला जाळते. हळूहळू, जवळ उभी राहून. भडकू देत नाई. मी काऊन घाई केली?"

मग तिने हवेची अगदी बारीक धार सोडली आणि सहा तास जागची हलली नाही. काजळी कणाकणाने गेली. मी पुन्हा पांढरी झाले! आनंद पोटात मावेना.

शनिवारी मी जीव तोडून कामाला लागले. दुपारी ललिताने बाटलीचं झाकण क्षणभर उघडलं, तर अकरमभाऊ खिडकीकडे धावले. "बाई, सिलिंडर लीक झालं!"

"सिलिंडर नाई भाऊ, माझं थायॉल हाये!" ललिता हसत होती, रडत होती. सरसुद्धा नाक दाबून हसत होते.

मित्रांनो, काळवंडलेली वस्तू टाकण्याआधी तिच्याजवळ थोडं बसा. तेवढी सवड माझ्या शेजारणींना मिळाली असती, तर आज आम्ही सगळ्या कामावर असतो.