तीन बोटं माया

बाळाचा हात झबल्याच्या बाहीत कोपरापाशी अडकला. सासूबाईंनी हळूच ओढून पाहिलं, पण बाही काही पुढे सरकेना.

"आजी, हे बाहुलीसाठी शिवलंत का?" नर्स हसत म्हणाली. "तीन किलो दोनशे भरलाय तुमचा पैलवान."

सासूबाईंची उभी हयात शिवणयंत्रावर गेली होती आणि त्यांचं माप चुकलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आज मात्र ते ऐकून त्यांना हसू आवरेना.

थोरली नात जन्मली तेव्हा पावणेदोन किलोचीही नव्हती. हौसेने शिवलेलं झबलं तिच्या अंगावर नुसतं लोंबत होतं. डॉक्टरीणबाईंनी सुनेला समोर बसवून बजावलं होतं, "पुढच्या वेळी दिवस गेल्यावर धावपळ नको. आधी अंगात रक्त भरू दे, वजन वाढू दे, मगच विचार करा. बाळाचं वजन तिथूनच ठरायला लागतं."

सुनेने ते मनावर घेतलं. बेकरीत पहाटेपासून उपाशीपोटी राबणारी ती वेळेवर जेवू लागली, गोळ्या न चुकता घेऊ लागली. नवरा चिडवायचा, तरी ताट पुसूनच उठायची. तिचे कपडे वरचेवर यंत्रावर यायचे. "पुन्हा घट्ट?" असं कुरकुरत सासूबाई शिवण उसवायच्या आणि आत दुमडून ठेवलेली जादा कापडाची माया मोकळी करायच्या. मनातून मात्र त्यांना कोण आनंद व्हायचा. रक्त पुरेसं भरलं, त्यानंतरच घरात गोड बातमी आली.

तरीही झबलं मोठं बेतायची त्यांची हिंमत झाली नाही. ते पुन्हा लोंबताना त्यांना बघवलं नसतं.

"आत माया असेल ना?" सुनेने खाटेवरून विचारलं.

सासूबाईंनी झबलं उलटं केलं. "नाही गं. या एकाच कपड्यात सोडली नाही."

"मग पिशवीत तळाशी बघा."

तळाशी पिवळं झबलं निघालं. टाके वेडेवाकडे, एक बाही दुसरीपेक्षा लांब. दुपारी आपण जरा लवंडलो की यंत्र कोण चालवतं, ते सासूबाईंना आत्ता कळलं. सवयीने त्यांनी आतली शिवण चाचपली.

"तीन बोटं माया? एवढ्याशा कपड्याला?"

"मला खात्री होती," सून म्हणाली. "तुमचं थोरलीच्या बाहुलीला होईल."

बाळाचा हात बाहीतून सरळ बाहेर आला. सासूबाईंनी दुसरी, लांब बाही दुमडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या शिवणीत चूक काढली नाही.