उरलेली लस

लस वाया गेलेली नागसेनला खपत नसे. टेंभुर्णीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंत्राटावर लागल्यापासून त्याची एकच शिस्त: बाटली एकदा उघडली की संध्याकाळपर्यंत संपवायची, मग वाटेवरचा कळप का थांबवावा लागेना. साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती. अशा थोपटण्यानं माणूस बिघडतो, दुसरं काय!

दिवाळीनंतर गावात डॉक्टर तृप्तींचं संशोधन आलं. मोकाट कुत्र्यांची पैदास थांबवणारी लस. मादीच्या बीजाभोवती पातळ कवच असतं; त्यातल्या प्रथिनांशी तिच्याच शरीराला भांडायला शिकवायचं, म्हणजे नराचं बीज आत शिरत नाही. लस अजून पारखायची होती म्हणून बाटल्यांवर नाव नव्हतं, नुसते आकडे. नागसेन कुत्री धरायचा, आणि त्या बाटल्या त्याच्याच डब्यात शेळ्यांच्या लशीशेजारी बर्फात पडून असायच्या.

एका संध्याकाळी परत जाताना बेबीनंदामावशी शेळ्या घेऊन भेटली. नागसेननं घाईत बाटली काढली, चांदीला टोचली, मैनेला टोचली. घरी डबा धुताना पाहतो तर शेळ्यांची बाटली भरलेली आणि आकड्याची रिकामी.

तो गप्प बसला. कळलं असतं तर नोकरी गेली असती.

बेबीनंदाला मूल होत नाही म्हणून धावड्याच्या सासरनं कधीच परत पाठवलं होतं. बहिणीच्या या पोराला, नागसेनला, तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. आता तिच्या पत्र्याच्या खोलीत या दोन शेळ्याच तिचा संसार होत्या, आणि त्यांच्या पहिल्या वेताची ती वाट बघत होती.

पुढं एकदा डॉक्टर बोलता बोलता म्हणाल्या, काही कुत्र्यांमध्ये बीजकोशच सुकले, त्या आता माजावरच येत नाहीत. नागसेन अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला; शेळ्यांचंही तसंच झालं, असं त्यानं धरूनच चाललं. तसाच मावशीकडे गेला.

"मावशे, शेळ्या माजावर आल्त्या का?"

"न्हाई रे. बिलकुल गप हायेत."

कुणाही शेतकऱ्याला तो पुढचा प्रश्न झोपेतही विचारायचा: बोकड कधी दाखवला? पण चोराच्या मनात चांदणं. प्रश्न वाढले की उत्तरंही द्यावी लागतात, म्हणून त्यानं विचारलंच नाही.

"वांझ निघाल्या दोघी. उन्हाळ्यात चाऱ्याचा खर्चा कशाला? जल्दी विकून टाक."

मावशी म्हणाली, "मलाबी असंच हाकललं व्हतं, बापू. आता म्या ह्यांना हाकलू?" मग म्हणाली, "तू दवाखान्यातला माणूस, बराबरच सांगत असशील. पर एकडाव तपासून बघ की."

नागसेननं मैनेच्या पोटावर हात ठेवला. दाबला नाही. ठेवला आणि उचलला.

"काही न्हाई," तो म्हणाला. त्याला शेळ्या नजरेआड हव्या होत्या, खरं तर एवढंच.

बाजारात वांझ शेळ्यांना कुणी विचारेना, तेव्हा मावशी-भाचे दोघं शेळ्या घेऊन बद्रीनाथ खाटकाच्या दुकानी गेली. त्यानं मैनेला आत नेलं. मावशी चांदीचं दावं धरून बाहेर दगडावर बसली, भिंतीकडे तोंड करून.

थोड्या वेळानं बद्रीनाथनं नागसेनला आत बोलावलं. "वांझ म्हणलात ना तुम्ही?"

परातीत दोन करडं होती. पंजाएवढी, ओली. खुरं आलेली, कान चिकटलेले.

"अडीच म्हैन्याची असतील," बद्रीनाथ म्हणाला. "गाभण शेळीला म्या सुरी लावत न्हाई, साहेब. तुमच्या शब्दावर लावली."

लस टोचून दोन महिनेही झाले नव्हते; म्हणजे लशीच्या आधीच बोकड लागला होता. लशीनं काही केलं नव्हतं. जे केलं ते त्यानंच केलं.

चांदी अजून जिवंत होती. गप्प राहिला तर तीही आत येणार होती. तो बाहेर आला आणि मावशीला सगळं सांगून टाकलं: बाटली, भीती, न दाबलेला हात, परात. सांगताना तो लहान पोरासारखा रडला. मावशी रडली नाही.

"दोन व्हती?"

"दोन."

"पाटी का बोकड?"

करडं मादी होती का नर, हे त्यानं पाहिलं नव्हतं.

"तेबी बघितलं न्हाईस," मावशी म्हणाली. त्यानं दाव्यासाठी हात पुढं केला होता; तिनं दावं त्याच्या हाती दिलं नाही. चांदीला खांबाला बांधलं आणि बघायला ती स्वतः आत गेली.