पांढरे दिवे

"बाबा, गाडीला आता एक जरी नवीन ओरखडा दिसला ना, तर जाई तुमच्या गाडीत बसणार नाही. मी आधीच सांगून ठेवते."

माझी मुलगी क्षिप्रा हे खारघरला तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहून म्हणाली. गाडीच्या डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा होता. मी म्हणालो, अंधारात कठडा दिसला नाही, गाडी दहा वर्षांची झाली, दिवे मंद झालेत, नवे बसवून घेतो. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. मी मात्र स्वतःला पटवून दिलं.

सुमेधाला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. शनिवारी क्षिप्रा आणि जावई दोघांनाही ऑफिस असतं, म्हणून माझी आठ वर्षांची नात जाई दिवसभर सानपाड्याला माझ्याकडे असते. संध्याकाळी तिचा बुद्धिबळाचा क्लास सुटला की सातच्या सुमारास मी तिला खारघरला पोचवतो. आठवड्यातून तेवढ्या एका दिवशी माझ्या घरात कुणीतरी बोलतं. तो दिवस गेला असता तर मी काय केलं असतं, याचा विचारही मला करवत नव्हता.

तुर्भ्याला देवजीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी तिथल्या कारखान्यात स्टोअरला होतो तेव्हापासूनची ओळख. मी म्हणालो, "झेनॉन टाक. सगळ्यात जास्त उजेडाचा."

"नको काका. तुमच्या गारीचा दिवा साध्या बल्बासाठी बनवलाय. त्यात झेनॉन टाकला की उजेड सगलीकडं फुटतो. समोरच्याच्या डोल्यात जातो, न तुमाला जवलचा लख्ख दिसतो, लांबचा नाय. पोलीस धरतील ते येगलंच."

"तू टाक रे."

"टाकतो. मना काय!"

दुपारभर त्याने बल्ब बदलले, वायरी ओढल्या, दोन छोटे डबे बॉनेटखाली घट्ट बसवले. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी केली आणि भिंतीवर काळी टेप आडवी चिकटवली. उजेडाची वरची कड त्या टेपच्या वर जाता कामा नये, एवढंच जुळवायचं होतं. तो दिव्यापाशी वाकून स्क्रू फिरवू लागला. मी स्टिअरिंगवर बसलो होतो.

"काका, कड टेपवर आली की सांगा."

दिवे आधी निळसर झाले, मग पांढरेफटक. मला भिंतीवर पांढरा फराटा दिसत होता. त्याला कड नव्हती. टेपही दिसत नव्हती. थोडा वेळ थांबून मी म्हणालो, "बस, आली."

देवजी उभा राहिला. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, कड टेपच्या हातभर वर हाय." तो हसला. "दिवं नवं, डोलं जुनं. आधी डॉक्टरकडं जावा न."

मीही हसलो. "आवर लवकर, उशीर होतोय." मग त्याने स्वतःच बघून जुळवलं.

डॉक्टरकडे मी गेलो होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मला दीड वर्षापासून माहीत आहे. सुमेधानेच ऑपरेशनची तारीख घेतली होती. ती तारीख आली तेव्हा ती स्वतः हॉस्पिटलमध्ये होती आणि मी तिच्या खाटेपाशी स्टुलावर. नंतर मी गेलो नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गेलो तर डॉक्टर पहिल्यांदा गाडी बंद करायला सांगणार, हे मला कळत होतं.

गाडी चालवायची कशी, त्याची सोय मी केली होती. सुमेधा शेजारी बसून सतत बोलायची. अहो, स्पीडब्रेकर. अहो, बाईकवाला मध्ये आलाय. मी वैतागायचो. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दुभाजकाला घासलो, तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी तिच्या सांगण्यावर गाडी चालवत होतो. मग मी जाईबरोबर एक खेळ सुरू केला. रस्त्यातलं काहीही माझ्याआधी तिने ओळखून ओरडायचं. तिला पॉइंट मिळणार. तिला खेळ फार आवडला. माझ्याआधी ओळखण्यात तिला काहीच अवघड नव्हतं. तिला सोडून एकटा परतताना मी डाव्या कडेने, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे हळूहळू यायचो.

नवे दिवे लागल्यानंतरचा पहिला शनिवार. जाई मागच्या सीटवर बसली, बेल्ट लावला. मी दिवे लावले.

"आजोबा, दिवसच झाला की!"

"मग? म्हटलं होतं ना!"

हायवेला लागलो. बॉनेटच्या पुढचा रस्ता खरंच दुधासारखा पांढरा दिसत होता. जुईनगरपर्यंत जाई ओरडत होती. रिक्षा! टेम्पो वळतोय! मग ती कमी बोलू लागली.

"आजोबा, आज गेम नको ना. डोळे मिटतायत माझे."

"थोडाच वेळ. खारघर आलंच."

"दुपारी झोपले नाही ना मी."

"बरं, पुढे काय दिसतंय सांग बघू?"

"ट्रक," ती म्हणाली. "लांब आहे." त्यानंतर काही बोलली नाही. मी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

नेरूळला बाहेर पडायला हवं होतं. रिक्षा करून तिला नेता आलं असतं. पण मग क्षिप्रा विचारणार, गाडीला काय झालं? मी डाव्या बाजूने, चाळिसाच्या वेगाने सरळ पुढे गेलो. आजचा दिवस निभावला की पुढच्या वेळी तिला दुपारी झोपवू, असा विचार माझ्या मनात आला. तो आला, हे मी लपवत नाही.

उरण फाट्याचा पूल उतरताना वरच्या पाट्या माझ्याच उजेडाने पेटल्यासारख्या झाल्या. त्यांच्याखालचं काही दिसेना. मागून हॉर्न वाजत होते. पुढच्या बाईकवाल्याने आरशावर हात धरला आणि मला शिवी देऊन निघून गेला. दहा-पंधरा पावलं पांढरा रस्ता, त्याच्या पुढे काळं. त्या काळ्यात काय आहे ते मला कळत नव्हतं. मी स्टिअरिंगला छाती टेकवून बसलो होतो.

रस्त्यात झाडाची फांदी उभी दिसली. रस्त्यात फांदी कशी, असं वाटलं. बिघडलेल्या ट्रकमागे ड्रायव्हर दगड आणि फांदी ठेवतात, हे लक्षात येईपर्यंत दगड चाकाखाली आला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली, थांबली. काचेच्या पुढे ट्रकचा मागचा भाग होता. मध्ये फार तर दोन हात जागा.

ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. माझ्याच वयाचा असेल. खिडकीवर हात आपटून म्हणाला, "अरे अंकल, इतनी लाइट मारके भी इतना बड़ा ट्रक नहीं दिखा?" मग त्याने मागच्या सीटकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बच्ची है साथ में?"

जाई जागी झाली होती. ती रडत नव्हती. तिने ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, मी झोपले म्हणून झालं का?"

मी नाही म्हणालो. तिला ते पटलं नाही. "सॉरी," ती म्हणाली. "मी आता नाही झोपणार."

मी गाडी बंद केली. जाईला उतरवून कडेला घेतलं आणि चावी ट्रकच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. पुढे पेट्रोल पंप होता. त्याने गाडी तिथे नेऊन लावली. आम्ही दोघं चालत गेलो. चालताना तिने माझं बोट धरलं नव्हतं, मनगट धरलं होतं, मोठी माणसं लहान मुलांचं धरतात तसं. पंपावर पोचल्यावर मी क्षिप्राला फोन केला.

ती रिक्षाने आली. आधी जाईला जवळ घेऊन डोक्यापासून पायांपर्यंत चाचपून बघितलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"काही झालेलं नाहीये की. मग फोनवर एवढे घाबरलेले का होतात? टायर गेला का?"

मी टायर म्हणू शकलो असतो.

"मला दिसत नाही क्षिप्रा. जाई सांगते तशी मी गाडी चालवतो."

"जाई सांगते म्हणजे?"

"गेम असतो आमचा," जाई म्हणाली. "मी स्पीडब्रेकर सांगते, बाईकवाले सांगते. आज झोपले ना मी."

क्षिप्रा माझ्याकडे वळली.

"कधीपासून?"

"आई गेली तेव्हापासून. त्याआधी आई सांगायची."

"आणि मी दर शनिवारी हिला तुमच्याकडे..." तिने वाक्य सोडलं. "आठ वर्षांची आहे ती, बाबा!"

"हो."

"हो काय? मला एक फोन करता येत नव्हता तुम्हाला?"

"केला असता तर तू तिला पाठवली नसतीस."

"नसतीच पाठवली!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पंपावरची माणसं वळून बघू लागली. "आताही नाही पाठवणार. पुढच्या शनिवारी ती येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ऑपरेशन होऊन डॉक्टर सांगेपर्यंत नाही. आणि त्यानंतरचं त्यानंतर."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती डोळे पुसत स्टिअरिंगवर बसली. मी मागे जाईशेजारी बसलो. गाडी हायवेला लागली. जाई पुढच्या दोन सीटांच्या मधून मान काढून, ताठ बसून रस्त्याकडे बघत होती.

"मम्मी, उजवीकडे बस आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "सिग्नल लाल होतोय."

"नको सांगूस, राजा," क्षिप्रा म्हणाली. "मी बघतेय ना. तू झोप."

जाईने माझ्याकडे बघितलं. विचारत होती. मी होकारार्थी मान हलवली. तरी ती आणखी एक सिग्नल जागी राहिली, मग हळूच मागे टेकली.