दोनशे चार खडे

"मोजा बाबू," म्हणत हेमसिंग नाईकाने दुपट्ट्याची गाठ सोडली आणि सगळे खडे टेबलावर ओतले. दोन-तीन घरंगळत दौतीपाशी जाऊन थांबले, एक खाली पडला. मानोऱ्याच्या पंचायत समितीत, शिक्षण विभागाच्या त्या टेबलावर आजवर अर्ज आले होते, स्मरणपत्रं आली होती, कधीमधी कुणाच्या शेतातल्या शेंगाही आल्या होत्या. खडे पहिल्यांदाच आले. पलीकडचा आवक-जावकचा बाबू मान वर करून हसला. टेबलामागे बसलेल्या जानरावांना मात्र हसू येईना.

"हे काय हो नाईक?"

"अंतर हाय. आमच्या तांड्यापासून पिंपळठाण्याच्या शाळेपरेंत. मोटेचा नाडा घेतला, साठ हाताचा. वाटेनं टाकत गेलो. एक नाडा सरला का एक खडा दुपट्ट्यात. दोनशे चार भरले. तुमी मोजून घ्या."

जानराव खाली पडलेला खडा उचलायला वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिले. सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या डोक्याने तेवढ्यात हिशेब करून टाकला होता. साठ हात म्हणजे तीस वार. दोनशे चार वेळा तीस वार म्हणजे साडेतीन मैलांच्या आसपास. किलोमीटरमध्ये साडेपाचच्या वर. आणि टेबलाच्या खणात, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, हेमसिंगच्या तांड्याचं कार्ड पडलं होतं. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात अडीच लिहिलं होतं.

त्या साली सगळ्या राज्यात शाळांची मोजणी चालली होती. प्रत्येक वस्तीचं एक कार्ड. वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत पाचवी ते सातवीची शाळा असेल तर सोय आहे असं धरायचं. नसेल तर जिल्हा परिषदेने तिथे नवी शाळा आराखड्यात घ्यायची. आत असलेली शाळा सरकारची की कुणाच्या संस्थेची, हे कार्ड विचारत नव्हतं. संस्था पुढे येऊन शाळा काढत असतील तर सरकारने तिथे कशाला खर्च करावा, असं अकोल्याच्या साहेबांचं सरळ साधं नियोजन होतं. नियोजन इतकं साधं असलं की ते वाकवायलाही फार ताकद लागत नाही.

पिंपळठाण्याला माणिकरावांच्या संस्थेने आदल्याच वर्षी तीन वर्ग काढले होते. तांड्याला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली असती तर आजूबाजूच्या तीन तांड्यांतली पोरं तिकडे गेली असती, संस्थेचे वर्ग ओस पडले असते आणि ओस वर्गांना अनुदान मिळत नाही. म्हणून एका दुपारी माणिकराव स्वतः कचेरीत आले. काही मागितलं नाही. चहा प्यायले, भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा पाहिला आणि म्हणाले, "जानराव, तुमची वच्छला टिरेनिंग करून घरीच बसून हाय म्हनते?" आणि जाता जाता, "हा तांडा पाहा ना. नकाशावर तं आमच्या गावाले चिकटूनच दिसते."

माणिकराव गेल्यावर जानरावांनी फायली बांधायचा पांढरा दोरा घेतला आणि तांड्याच्या टिंबापासून गावाच्या टिंबापर्यंत नकाशावर ताणून धरला. मध्ये नाल्याची निळी रेघ होती. दोरा तिच्यावरून सरळ पलीकडे गेला, दोऱ्याला काही पाय भिजवावे लागत नाहीत. माप बरोब्बर अडीच आलं. नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं की अंतर पायांनी मोजावं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीच्या, वच्छलाच्या, हातात संस्थेच्या शाळेतल्या नेमणुकीचं पत्र पडलं.

"वरच्या साहेबाचा ड्रायवर सांगे, कार्डावर अडीच लिवलं म्हने," हेमसिंग सांगत होता. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "अडीच कसं होईन बाबू? नाल्याले वळसा घालूनच जा लागते. तुमी तं सोता संगं चालले होते. तुमच्या टाचेले फोड आलते, माह्यावाल्या घरवालीनं तेल लावाले देल्लं होतं. आमची नात पंचफुला चौथी पास झाली. तांड्यातली पयली पोट्टी. तिले धाडू कुठी?"

ते सगळं खरं होतं. जानराव गेल्या पावसाळ्यात त्या वाटेने गेले होते. आणि त्याच्याही चाळीस वर्षं आधी, रिठदकडच्या एका वस्तीतून ते अशीच वाट तुडवत शाळेत जायचे आणि तिथे पोचल्यावर ओसरीवर वेगळ्या गोणपाटावर बसायचे. शाळा किती लांब असते हे या कचेरीत दुसऱ्या कुणाला त्यांच्याइतकं कळत नव्हतं.

"कार्ड अकोल्याले गेलं नाईक," ते म्हणाले. गुडघ्याने त्यांनी खण हळूच आत दाबला. जीप गुरुवारी जाणार होती. आज मंगळवार होता.

"गेलं?" हेमसिंगने खड्यांकडे पाहिलं. मग त्यानेच जानरावांची समजूत काढली. "मंग तुमी तरी काय करान? पयलेच याले पायजे होतं म्या. नाडा सापडे ना. राहू द्या खडे तुमच्यापाशी. कोनी साहेब आला तं दाखवा."

त्या संध्याकाळी वच्छला घरी आली ती लंगडतच. चपलेचा अंगठा तुटला होता. तिच्या आईने, केशरबाईंनी पाणी दिलं, पण ती ते न पिता तशीच बापासमोर बसली.

"बाबा, माह्या वर्गाच्या हजेरीत अकरा पोट्ट्या तांड्याच्या हायेत. नावं हायेत, पोट्ट्याच नाहीत. हेडमास्तर म्हनतात, हजेरी लावत जा. म्हनून आज मधल्या सुट्टीत म्या म्हटलं, जाऊन पाहावं, काहून येत नाहीत." ती पाय चोळत होती. "तांड्यात जाऊन परत येईपरेंत शाळा सुटाची वेळ झाली. केवढी ते वाट बाप्पा! नाल्यापाशी तं चिखलच चिखल. म्या मोठी असून मले जड गेलं. हेडमास्तरले सांगतलं तं ते म्हने, सरकारी कागदावर अडीच किलोमीटर हाय. कोनं लिवलं असन हो असं? तुमच्याच कचेरीतलं असन ना कोनी?"

केशरबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. जानरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पाण्याचा तांब्या मागितला. वच्छलाने तांब्या दिला, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात तांब्यावरच राहिला. तिला कळलं. बोलली असती, दोन शब्द टाकून बोलली असती, तर जानरावांना बरं वाटलं असतं.

तिने नुसतं विचारलं, "मंग उद्या काय करू बाबा? हजेरीचं?"

आयुष्यात पहिल्यांदा मुलगी त्यांना नोकरीतलं काही विचारत होती. आपल्या मुलीला मास्तरीण झालेली पाहायचं म्हणून या माणसाने बारा वर्षं एकाच कोटावर काढली होती. आणि आता तिला काय सांगावं तर,

"लाव," जानराव म्हणाले. "हेडमास्तर म्हनतात तशी लाव."

गुरुवारी सकाळी जीप आली. जानराव कचेरीत सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. त्यांनी कार्ड काढलं, पानाच्या डब्यातलं ब्लेड काढलं. शाई खरवडायची त्यांची हातोटी सगळ्या कचेरीला माहीत होती. दोनाचा पाच करायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. ब्लेडचं टोक त्यांनी आकड्यावर टेकवलंही. मग त्यांना वच्छलाचं नेमणूकपत्र दिसलं, तिने आईला नेसवलेलं नवं लुगडं दिसलं, आणि बाहेर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. त्यांनी कार्ड गठ्ठ्यात घातलं आणि गठ्ठा त्याच पांढऱ्या दोऱ्याने बांधला. इतकी लाज वाटत असताना माणसाचे हात किती नीट गाठ मारतात, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दिवाळीनंतर अकोल्याहून आराखडा आला. हेमसिंगच्या तांड्यापुढे दोनच शब्द होते: सोय उपलब्ध.

थंडी सुरू झाल्यावर एका बाजारच्या दिवशी हेमसिंग पुन्हा कचेरीत आला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "रामराम बाबू. खडे हायेत का? नेतो म्हनलं. पाच-सहा वर्सानं फिरून मोजनी होते म्हनते. आता माह्यानं काई पुन्हा नाडा टाकनं होत नाही."

जानरावांनी खण उघडला. खडे त्यांनी एका जुन्या पाकिटात भरून ठेवले होते, इतक्या महिन्यांत कुणा साहेबाला दाखवले नव्हते. पाकीट पुढे करताना त्यांनी विचारलं, "पंचफुला कशी हाय?"

"मायबापासंगं गेली. ऊस तोडाले, खाली कारखान्याकडे. होळीले येतीन," हेमसिंग म्हणाला.

त्याच दिवशी सकाळी, पिंपळठाण्याच्या शाळेत, वच्छलाने पंचफुलाची हजेरी लावली असणार. वच्छला आता घरी शाळेतलं काही बोलत नसे.

हेमसिंगने पाकीट दुपट्ट्यात ठेवलं.

"मोजून घ्या नाईक," जानराव म्हणाले. त्यांना फार वाटत होतं की त्याने मोजावेत. निदान एवढं तरी त्याने त्यांच्या शब्दावर सोडू नये. "दोनशे चार हायेत का पाहून घ्या."

"मोजू कायले?" हेमसिंगने गाठ मारली आणि ती ओढून घट्ट केली. "तुमच्यापाशीच तं होते."

त्याने दोन्ही हात जोडून रामराम केला. गाठोडं खांद्यावर टाकून तो बाजारातून तांड्याच्या वाटेला लागला.