वीणा खाली टेकत नाही

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढं सरका, लेकुरवाळ्यांनी भिंतीला टेका. बुवांचा फराळ व्हायचाय, कीर्तनाला अजून घटकाभर अवकाश आहे. तोवर एक गोष्ट ऐका. तिच्यात राजा नाही की राक्षस नाही. एक म्हातारा आहे, एक शाळकरी पोर आहे आणि एक मास्तर. ऐकून झाल्यावर हात आपसूक जोडले जातील, एवढं वचन घ्या.

शेवगावपासून दोन कोसांवर एक गाव. दरसाल माघात तिथं सप्ताह बसायचा. सात दिवस अखंड नाम, आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, असे दोन-दोन तासांचे पहारे. काकड्यानंतरचा पहिला पहारा तीस वर्षं एकाच माणसाचा होता, गोरक्षनाथबाबांचा. बाबांना ना अक्षर येत होतं ना गाणं. पण गळ्यात वीणा पडली की त्या माणसाचं तोंड असं व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं, देव आत्ताच याच्याशी काहीतरी बोलून गेला.

सत्तर सालच्या कार्तिकात बाबा बैलगाडीतून पडले. डाव्या खांद्यावरच पडले. हाडवैद्यानं खांदा बसवला, पण हाताची ताकद गेली. हात छातीपर्यंत चढायचा आणि तांब्याभर पाणी पिऊन होईतोवर लटलटायला लागायचा. कुणी विचारलं तर बाबा सांगायचे, "बैल बुजला."

बैल बुजला नव्हता. हे गावात आणखी एकालाच ठाऊक होतं. गहिनीनाथ त्याचं नाव. शेवगावच्या हायस्कुलात अकरावीला, टेक्निकलच्या वर्गात. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खीळ असते. बाबांची खीळ झिजली, तेव्हा गहिनीच म्हणाला होता, "बाबा, मी करतो वर्कशॉपात." दोन दिवस कानस घासून त्यानं अशी खीळ केली, की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. गावभर कौतुक झालं. आसाचं भोक मात्र त्यानं मोजलं नव्हतं, नजरेनंच धरलं होतं. आठव्या दिवशी खीळ गळाली आणि चाक निघालं. धुरळ्यात पडलेली ती चकचकीत खीळ गहिनीनं उचलली, खिशात घातली आणि तोंडाला कुलूप लावलं. बाबांनी त्याला उचलताना बघितलं होतं. तेही काही बोलले नाहीत. ओरडले असते तर पोराला बरं वाटलं असतं.

पौषात पंच बसले. पहिला पहारा औंदा काकासाहेबांना द्यायचा ठरला. काकासाहेब तरणे, हाडापेरानं मजबूत. बाबा म्हणाले, "देवाची विच्छा." पण त्या दिवसापासून ते देवळाच्या ओट्यावर बसेनात. दर्शन घ्यायचे आणि खुंटीवरच्या वीणेकडं न बघता माघारी फिरायचे. 

आता मास्तर. नबीलाल सर म्हणायचे त्यांना. आधी नगरला लष्करी वर्कशॉपात फिटर होते, मग शाळेत आले. बाकी शाळांत अकरावीची पोरं कागदावरचं चित्र बघून लोखंडाचा चौकोन घासायची आणि परीक्षेला मांडायची. सर म्हणाले, "चौकोन तर घासायचाच. पण चौकोनाला कुणी दुवा देत नाही. वर्ष संपायच्या आत प्रत्येक जोडीनं एका जित्या माणसाची एक अडचण शोधायची आणि तिच्यावर वस्तू करायची." मग फळ्यावर लिहिलं: विचारा. मोजा. काढा. घडवा. वापरून मोडा. पुन्हा विचारा.

"सर, मोडायचं कशाला?" आबासाहेबानं विचारलं. हा गहिनीचा जोडीदार, वर्गातला वात्रट.

"तुझी वस्तू तू मोडलीस तर अक्कल येते, आबासाहेब. गिऱ्हाइकाच्या हातात मोडली तर शिव्या येतात."

त्या संध्याकाळी गहिनीनं ती खीळ सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. मापकाट्यात खीळ धरली, उजेडात बघितली. "चकाकीला शंभर मार्क," ते म्हणाले, "मापाला शून्य. रडू नको. कुणासाठी काम करायचं, ते तुला सापडलं."

गहिनी आणि आबासाहेब कामाला लागले. वीणेचं वजन पेलायचं, बस. सागवानी घोडी केली. खाली तीन पाय, वर भोपळा बसायला खोलगट बैठक, दांडीला टेकण. पॉलिश मारलं. एका रविवारी सायकलला बांधून बाबांच्या अंगणात आणून उभी केली.

बाबांनी घोडीवरनं हात फिरवला. "लई देखणी केलीस रं लेकरा." मग म्हणाले, "पन हिच्यावर वीणा ठिवली म्हंजी ती टेकलीच की भुईला. सप्ता मोडला."

 सात दिवस वीणा खाली टेकत नाही, हे गहिनीला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. आणि तरी पंधरा दिवस खपून त्यानं वीणा खाली टेकवायचं यंत्र केलं होतं!

बाबांची मालकीण बायडाबाई जात्यावरनं उठली. तिच्या जिभेला गाव भ्यायचं. "मोप शिकलाव! इंजनेर झालाव! ह्या घोडीवर म्या आता दुधाची चरवी ठिवीन. अरं, घरात दोन म्हातारी जिती हायती, इचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी ऐकून घेतलं आणि फळ्याकडं नुसतं बोट दाखवलं. पहिला शब्द: विचारा. शुक्रवारी नमाज आटोपून ते स्वतः गहिनीबरोबर सायकलवर गावात आले, बाबांच्या ओट्यावर बसले, गुळाचा चहा प्याले आणि एवढंच म्हणाले, "बाबा, वीणा घेतल्यावर दुखतं कुठं?"

एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"वीणा काय जड न्हाई, मास्तर," बाबा म्हणाले. "ती गळ्यात हाय, दोरीवर. तिचं वझं देवाला. जड हाय तो ह्यो हात. दांडी धराया वर केला, की दोन अभंगांत खांद्यात इस्तू पेटतो."

सरांनी गहिनीकडं बघितलं. गहिनीच्या डोक्यात लख्ख झालं. वीणेला आधार नको होता, कोपराला हवा होता.

मग मापं घेतली. कंबर, कंबरेपासून कोपर, कोपरापासून मनगट. आबासाहेब आकडे लिहून घ्यायचा आणि बायडाबाई विचारायची, "आंगरखा शिवताय का तिरडी बांधताय?" विहिरीवरच्या इंजनाचा जुना कातडी पट्टा कंबरेला, त्यावर वाकवलेली लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला कोपर बसेल अशी लाकडी वाटी. वाटीला आतून कातडं, त्याखाली घोंगडीचा तुकडा.

देवळातली वीणा काही खेळायला मिळणार नव्हती. म्हणून बाबांनी गळ्यात दोरीनं मुसळ अडकवलं आणि अंगणात उभे राहिले. बायडाबाई हात जोडून भिंतीपलीकडच्या शेजारणींना म्हणाली, "बघा गं बायांनू, मुसळबुवांचं कीर्तन!" बाबा हसले. कार्तिकापासून पहिल्यांदा हसले.

पहिल्या खेपेला पट्टी बरगडीत रुतली. दुसऱ्या खेपेला रुतली नाही, पण बाबा मुसळ धरून डुलायला लागले तसं कोपर वाटीतून निसटलं. "बाबा, जरा ताठ उभं राहा की," आबासाहेब म्हणाला.

"ताठ हुभा ऱ्हायाला म्या पोलीस हाय का? नाम घेतलं की मानूस हालतो."

गहिनीनं हे वहीत लिहून ठेवलं. नाम घेतलं की माणूस हलतो. तिसऱ्या खेपेला त्यानं वाटीखाली एक खिट्टी बसवली, दाराच्या बिजागरीसारखी, म्हणजे माणूस डुलला की वाटीही डुलेल. त्या दिवशी बाबा मुसळ घेऊन दोन तास उभे राहिले. सरांनी घड्याळ धरलं होतं. वेळ झाल्याचं त्यांनी सांगितलं, तरी बाबा आणखी थोडा वेळ तसेच उभे होते.

एक काम उरलं होतं. गहिनीनं आसाचं भोक तीनदा मोजलं आणि नवी खीळ केली. तिला चकाकी नव्हती, पण ठोकताना घट्ट बसली. सप्ताहाच्या पहाटे बाबांनी देवळाला जायला मुद्दाम तीच गाडी जुंपायला लावली. बायडाबाईसुद्धा गाडीत चढायच्या आधी चाकाकडं वाकून बघत होती. बाबांनी वळूनही बघितलं नाही. "हाक," गहिनीला म्हणाले, आणि डोळे मिटून बसले.

देवळात काकासाहेब वीणेपाशी तयारच होते. बाबांच्या कंबरेचा पट्टा बघून एक पंच कुजबुजले, "वीणेकऱ्याच्या अंगाला कातडं?"

"मंग पखवाज काय रेशमाचा हाय?" बाबा म्हणाले.

काकासाहेब आधी हसले. मग वीणा खुंटीवरनं काढून त्यांनी ती बाबांच्याच गळ्यात घातली आणि पायावर डोकं ठेवलं. "बाबा, मी दुसऱ्या पहाऱ्याला. तुमच्या हातून घेईन."

बाबांचा हात वर गेला, दांडीला भिडला, कोपर वाटीत विसावलं. तार वाजली. गहिनी खांबाला टेकून बघत होता. अर्धा तास गेला, तास गेला. हात लटलटला नाही. उजाडलं तसं बाबांचं तोंड दिसायला लागलं, आणि ते तसंच होतं, देव नुकताच बोलून गेल्यासारखं.

नबीलाल सर बाहेर पायरीशी वहाणा काढून उभे होते. पहारा संपला, वीणा काकासाहेबांच्या गळ्यात गेली. रिवाजाप्रमाणे घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. ते झालं. मग बाबा तसेच चालत पायरीशी आले आणि वाकू लागले. सरांनी घाईनं त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, हे काय करता? मी तर काहीच केलं नाही, नुसतं विचारलं."

"त्येच तर," बाबा म्हणाले. "तेवढंच कुनी करत न्हाई."

शाळेत गहिनीला त्या कामाचे पन्नासातले सदतीस मिळाले. "सर, बाकीचे तेरा?" "घोडीचे कापले," सर म्हणाले. गहिनीनं पुढं कितीतरी जणांची कामं केली, पण मापपट्टी काढायच्या आधी ओट्यावर बसायचा आणि विचारायचा, तुमचं दुखतं कुठं? बाबा त्या आधारावर आणखी सहा माघ उभे राहिले.

झालं, बुवा उठले वाटतं. टाळ घ्या. एवढीच एक मागणी आहे. आज वीणेकरी उभा राहिला, की देवाचं नाव तर घ्याच. पण त्याच श्वासात नबीलाल सरांचीही आठवण काढा.